पेटीवरील नांव आणि पेटींतील वस्तु

आमच्या रत्नागिरीस चैत्र लागला म्हणजे एक तक्रार घरोघर ऐकूं येते. परप्रांतांतील आंबा ‘रत्नागिरी हापूस’ असें छापलेल्या पेटींत भरून मुंबई-पुण्याच्या बाजारांत विकला जातो आणि खऱ्या बागायतदाराच्या मालाचा भाव त्यामुळें पडतो, ही ती तक्रार होय. ती खोटी नाहीं. २०१८ सालीं रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणें व पालघर या पांच जिल्ह्यांतील हापुसास भौगोलिक मानांकन मिळालें, त्यामागील हेतूंपैकीं हाहि एक होता. कर्नाटकांतील आंबा कर्नाटकाच्या नांवानें विकला तर त्यांत कोणाचें कांहींच बिघडत नाहीं. तो गोड असेल, स्वस्तहि असेल. ज्यास परवडेल त्यानें तो आनंदानें खावा. दोष आंब्याचा नाहीं, पेटीवरील खोट्या नांवाचा आहे. हें तत्त्व मीं ओटीवर बसून शेंकडों वेळां लोकांस समजावून सांगितलें असेल. परंतु तेंच तत्त्व आमच्या घरच्या ट्रकच्या इंजिनास लावण्याचा प्रसंग आला तेव्हां मला तें ओळखतां आलें नाहीं, व त्याची शिक्षा माझ्याऐवजीं घरांतील दुसऱ्या माणसांस भोगावी लागली. ती हकीकत या महिन्यांत वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

ट्रकचें इंजिन हा कुटुंबांत वाचावयाच्या मासिकाचा विषय आहे काय, असें कोणी विचारील. माझें उत्तर असें कीं, ज्या घरांत दहा माणसांचें अन्न एका वस्तूवर अवलंबून आहे, त्या घरांत ती वस्तु विहिरीवरील पंप असो कीं ट्रक असो, तिची निगा हा सर्वांनीं समजून घेण्याचा विषय आहे. एकत्र कुटुंबांत पैसा सर्वांचा असतो, पण निर्णय बहुधा एकाचा असतो. आणि तो एकजण विषय न समजतां केवळ वडीलकीच्या जोरावर बोलूं लागला म्हणजे काय होतें, हें पुढील मजकुरावरून दिसेल.

आमचा सहा सिलिंडरांचा ट्रक २०१० सालीं घेतलेला. थोरल्या बंधूंच्या पश्चात् त्यांचा मुलगा तो पाहतो. मार्चपासून मेपर्यंत आमचा व शेजाऱ्यापाजाऱ्यांचा आंबा वाशीच्या बाजारांत न्यावयाचा, पावसाळ्यांत गाडी पुष्कळशी उभी ठेवावयाची, आणि एरवीं चिरे, खत, काजू अशीं भाडीं करावयाचीं, असा क्रम असे. २०१८ च्या पावसाळ्यापर्यंत गाडी साडेपांच लाख किलोमीटर चालली होती. इंजिन ऑइल पिऊं लागलें होतें, चढणीला निळसर धूर निघे, आणि तापल्यावर ऑइलचा दाब उतरे. मिरजोळ्याच्या आमच्या जुन्या मिस्त्रींनीं इंजिन खोलून पाहिलें व सांगितलें कीं, क्रँक घांसून पाव मिलिमीटर कमी करावा लागेल, आणि त्या मापाचीं नवीं बेअरिंगें, पिस्टन, रिंगा, सर्वच बदलावें लागेल.

मिस्त्रींनीं यादी करून दिली. तींत बेअरिंगांपुढें ट्रकच्या कंपनीचें नांव नव्हतें, बेअरिंगें करणाऱ्या एका कारखान्याचें होतें. मीं विचारलें तेव्हां पुतण्या म्हणाला, “काका, हाच कारखाना ट्रकवाल्यांना बेअरिंगें पुरवितो. त्याच्या स्वतःच्या पाकिटांत घेतलीं तर वस्तु तीच, पैसे कमी. आणि कोल्हापुरास पक्क्या बिलावर मिळतात.” मीं त्याला तेथेंच थांबविलें. “ज्याचें इंजिन त्याचाच भाग. नक्कल आपल्या घरांत चालावयाची नाहीं.” तो गप्प बसला. मोठ्या माणसापुढें उलट बोलावयाचें नाहीं, असें वळण आम्हींच त्याला लाविलें होतें.

पुढें माझ्या ओळखीचे एक गृहस्थ मोठ्या शहरांत जावयाचे होते. ‘कंपनीच्या पेटींतला अस्सल माल तिसऱ्या हिश्शानें कमी किंमतींत आणून देतों’ असें ते म्हणाले. अस्सल आणि शिवाय स्वस्त! मला मोठा संतोष वाटला. माल आला. पेटीवर कंपनीचें चिन्ह होतें, छपाई स्वच्छ होती, चकाकणारी मोहोर होती. तेहेतीस वर्षें मुलांच्या वह्या तपासलेला मी; पेटीवरील मजकुरांत शुद्धलेखनाची एकहि चूक आढळली नाहीं, तेवढ्यावरून मीं माल अस्सल ठरविला. मिस्त्रींनीं पेटी हातांत घेऊन उलटसुलट केली आणि इतकेंच विचारलें, “मास्तर, बिल आहे का?” मीं म्हटलें, “बिल कशाला? पेटी समोर आहे ना.” त्यांचा मुलगा माझ्या हाताखालीं शिकलेला. तेहि गप्प बसले.

एप्रिल २०१९ मधील गोष्ट. साडेतीनशें पेट्या भरून गाडी संध्याकाळीं निघाली. त्यांपैकीं सव्वाशें पेट्या आमच्या वहिनींच्या वांटणीच्या कलमांच्या होत्या. हातखंब्याला गाडी महामार्गाला लागली. संगमेश्वर, चिपळूण, परशुराम घाट मागें पडले. खेड ओलांडून कशेडीचा घाट चढतांना मध्यरात्रीं ऑइलचा दिवा लागला आणि इंजिनांतून हातोडी मारल्यासारखा आवाज येऊं लागला. चालक गाडी बाजूस घेतो न घेतो तोंच इंजिन जाम झालें. पुतण्या गाडीबरोबरच होता. मागून येणाऱ्या गाड्यांस दिवा दाखवीत त्यानें उरलेली रात्र त्या वळणावर उभ्यानें काढली. दुसरी गाडी मिळून पेट्या उतरवून चढविण्यास दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ झाली. दिवसभर ताडपत्रीखालीं तापलेला आंबा दीड दिवस उशिरानें वाशीस पोंचला. त्याचें काय झालें हें आंब्याच्या घरांतील वाचकांस सांगावयास नको.

इंजिन खोललें तेव्हां मिस्त्रींनीं बेअरिंगाचा एक तुकडा माझ्या तळहातावर ठेविला. पोलादी पाठीवरील मऊ धातूचा थर पापुद्र्यासारखा सुटून आला होता. चांगल्या बेअरिंगाच्या पाठीवर करणाऱ्याचें चिन्ह, क्रमांक आणि माप ठसठशीत उठविलेलें असतें. या तुकड्यावर एक पुसट, अर्धवट ठसा होता. “मास्तर,” ते म्हणाले, “पेटीवरचें वाचलेंत, पाठीवरचें वाचलें नाहींत.”

बेअरिंगांच्या संचांत दोन-तीन हजार रुपये वांचविले होते. क्रँक, एक कनेक्टिंग रॉड, पुन्हां सर्व जोडणी आणि आंब्याची नुकसानी मिळून लाखाच्या वर गेले. पण त्याहून एक गोष्ट मला अधिक लागली. घरांत जो तो पुतण्यालाच बोल लावूं लागला. ‘गाडीकडे लक्ष नाहीं,’ ‘ऑइल पाहिलें नसेल,’ असें सर्व म्हणत, आणि तो मान खालीं घालून ऐकून घेई. पेटी कोणी आणविली हें त्यानें कोणास सांगितलें नाहीं. वहिनी एवढेंच म्हणाल्या, “आंबे काय, पुढल्या वर्षीं पुन्हां येतील.” त्या रात्रीं जेवणें झाल्यावर मीं सर्वांस माजघरांत बसवून सांगितलें कीं, मिस्त्रींचा आणि मुलाचा सल्ला बरोबर होता, तो मीं मोडला, हा तोटा माझ्या हिश्शांतून वजा व्हावा. तो झालाहि. त्यानंतर वर्षभर मी फावल्या वेळीं मिस्त्रींच्या गॅरेजांत विद्यार्थी होऊन बसलों. तेथें जें समजलें तें पुढें देत आहें.

माझी मूळ चूक ही कीं, जगांतील सुटे भाग मीं ‘अस्सल’ व ‘नक्कल’ अशा दोनच जातींत विभागले होते. वस्तुतः त्यांच्या जाती चार आहेत.

पहिली जात, ट्रक करणाऱ्या कंपनीच्या पेटींतील भाग. येथें एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते: ट्रकची कंपनी सर्व भाग स्वतः करीत नाहीं. आपल्याकडील उदाहरण घ्या. टाटांची टेल्को कंपनी १९४५ सालीं निघाली. १९५४ सालीं जर्मनीच्या डायम्लर-बेंझशीं करार होऊन जमशेदपुरास ट्रक होऊं लागले. परंतु डिझेल इंजिनाचा प्राण जो इंधनाचा पंप व नोझल, ते करणारा कारखाना वेगळा होता. बंगळुरास १९५१ सालीं निघालेली ‘मायको’ कंपनी त्याच कामाची. २००८ सालीं तिनें ‘बॉश’ हें नांव घेतलें, तरी जुने मिस्त्री अद्याप नोझलला ‘मायकोचा’ असेंच म्हणतात. पिस्टनच्या रिंगांसाठीं गोएट्झे हें नांव १९५४ पासून आपल्या देशांत आहे. तेव्हां ट्रकच्या कंपनीची पेटी याचा अर्थ असा कीं, कंपनीनें कारखाना निवडला, माप ठरवून दिलें, माल तपासला व त्याची हमी घेतली. वाढीव किंमत बव्हंशीं या निवडीची व हमीची असते. ती व्यर्थ नसते. परंतु ती कशाची आहे हें जाणून द्यावी.

दुसरी जात, तोच भाग करणाऱ्या कारखान्याच्या स्वतःच्या पाकिटांतील. पुतण्यानें सुचविलेलीं बेअरिंगें या जातीचीं. वस्तु बहुधा तीच व किंमत कमी असते. मात्र एक कारखाना एकाच नांवाखालीं अनेक इंजिनांचे भाग करतो. म्हणून क्रमांक अक्षरशः जुळला पाहिजे. ‘सारखाच दिसतो’ हें पुरेसें नाहीं.

तिसरी जात, ट्रक-कंपनीशीं संबंध नसलेल्या कारखान्यानें स्वतःच्या नांवानें केलेला भाग. गॅरेजांत यालाच ‘लोकल’ म्हणतात, आणि हा शब्द निष्कारण बदनाम झाला आहे. कोल्हापूरच्या ओतशाळांतून मोठमोठ्या वाहन-कंपन्यांसही ओतीव भाग जातात. राजकोटास इंजिनाचे भाग करणारे कितीएक कारखाने आहेत. यांत उत्तमहि आहेत, मध्यमहि आहेत, टाकाऊहि आहेत. पण जो आपलें नांव व पत्ता छापून माल विकतो तो अब्रूनें व्यापार करतो. त्याचा माल नापसंत करावा, त्यास नकली म्हणूं नये. हा कर्नाटकाच्या नांवानें विकलेला आंबा होय.

चौथी जात, दुसऱ्याच्या नांवाच्या पेटींतील माल. हीच काय ती खरी नक्कल. आणि गंमत अशी कीं, ही नेहमीं ‘अस्सल’ म्हणूनच विकली जाते. म्हणून ‘मी अस्सलच घेतों’ असा केवळ हट्ट धरणारा मनुष्यच तिच्या जाळ्यांत आधीं सांपडतो. मी सांपडलों तो असाच.

दुसऱ्या जातीचा माल सहजीं कां मिळत नाहीं, याविषयीं आपल्या देशांत एक मोठा निवाडा झालेला आहे. भारतीय स्पर्धा आयोगानें ऑगस्ट २०१४ मध्यें १४ मोटार-कंपन्यांस मिळून सुमारें २,५४५ कोटि रुपये दंड ठोठावला. सुटे भाग खुल्या बाजारांत येऊं न देणें आणि बाहेरच्या कारागिरांस दुरुस्तीची माहिती व साधनें न देणें, हा त्यांवरील आरोपाचा गाभा होता. तो खटला प्रवासी मोटारींसंबंधीं होता, व त्यावर पुढें न्यायालयांत वादहि झाले. परंतु भाग कोठून घ्यावा व दुरुस्ती कोणाकडून करवावी हा ग्राहकाच्या निवडीचा प्रश्न आहे, ही गोष्ट त्यानें सर्वांच्या ध्यानांत आणून दिली.

आतां परीक्षा कशी करावी? आमच्या न्यायशास्त्रांत ज्ञानाचीं चार प्रमाणें मानिलीं आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. हीं मीं तरुणपणीं तर्कसंग्रहांत घोकलीं, पण त्यांचा उपयोग साठीनंतर गॅरेजांत कळला. प्रत्यक्ष म्हणजे भाग पेटीबाहेर काढून पाहणें: वजन, कडांची सफाई, पाठीवरील ठसा, आणि मायक्रोमीटरनें घेतलेलें माप. उपमान म्हणजे इंजिनांतून निघालेला जुना मूळ भाग नव्याच्या शेजारीं ठेवून ताडून पाहणें. म्हणून जुने भाग काम पुरें होईतों फेंकूं देऊं नयेत. अनुमान म्हणजे किंमतीवरून तर्क करणें: जो माल सर्वत्र एका भावानें मिळतो तो एकाच ठिकाणीं तिसऱ्या हिश्शानें कमी मिळत असेल, तर त्याला कारण असलें पाहिजे. आणि शब्द म्हणजे आप्ताचें वचन. आप्त याचा अर्थ नातेवाईक नव्हे, ओळखीचा गृहस्थहि नव्हे. जो खरें जाणतो व खरें सांगतो तो आप्त. व्यवहारांत त्याचें वचन म्हणजे पक्कें बिल. ज्या दुकानदाराचें नांव, कराचा क्रमांक व भागाचा क्रमांक कागदावर आहे, त्याला उद्यां विचारतां येतें. मीं चारहि प्रमाणें बाजूस सारून केवळ पेटीवर विश्वास ठेविला होता.

यापुढील प्रश्न हा कीं, कोणता भाग कोणत्या जातीचा घ्यावा. मिस्त्रींची कसोटी सोपी आहे: ‘हा भाग बिघडला तर आणखी काय काय बिघडेल?’ जो भाग एकटा मरतो तेथें काटकसर करावी. जो दुसऱ्यास घेऊन मरतो तेथें करूं नये.

बेअरिंगें दुसऱ्या वर्गांतील. क्रँक व बेअरिंग यांमध्यें मिलिमीटरच्या कांहीं शतांशांची जागा असते व तींत ऑइलचा पातळ पडदा असतो. त्या पडद्यावर सबंध इंजिनाचें बळ तोललेलें असतें. बेअरिंगाचा थर सुटला कीं पडदा तुटतो, आणि क्रँक, रॉड, प्रसंगीं ब्लॉकहि जातो. पिस्टन, रिंगा व लायनर यांचें तसेंच. हे शक्यतों एकाच कारखान्याच्या संचांत घ्यावे. एकाचा पिस्टन व दुसऱ्याच्या रिंगा अशी भेसळ करूं नये. नोझलची सुई आपल्या घरांत केंसाच्या जाडीच्या विसाव्या-पंचविसाव्या भागाएवढ्या फटींत सरकते. तेथें ढोबळ काम चालत नाहीं. खराब नोझल डिझेलचा फवारा करण्याऐवजीं धार सोडतो, आणि ती पिस्टनचें डोकें जाळते. हेडचें गॅस्केट, हेडचे बोल्ट, ऑइलचा पंप, टायमिंगचे गिअर हेहि याच वर्गांत. येथें पहिली किंवा दुसरी जातच घ्यावी, आणि ती बिलासह.

फिल्टर ही दिसण्यांत क्षुल्लक वस्तु. म्हणून लोक तेथेंच पैसे वांचवितात. आमच्याकडे चिरेखाणींवर जाणाऱ्या गाडीच्या हवेच्या फिल्टरास तांबड्या धुळीशीं झगडावें लागतें. फिल्टरच्या कडेस बारीकशी फट राहिली तरी ती धूळ ऑइलांत मिसळून रिंगांस कानशीसारखी घांसते. ऑइलच्या फिल्टरांत एक लहानशी झडप असते. कागद चोंदला तर ती उघडून इंजिनास ऑइल मिळत राहतें. टाकाऊ फिल्टरांत ती झडप धड नसते, कागदहि अपुरा असतो. नामांकित कारखान्याचा तिसऱ्या जातीचा फिल्टर बहुधा चालतो. बेनांवी चालत नाहीं.

बाहेरील झांकणांचीं गॅस्केटें, पट्टे, नळ्या, क्लिपा, इंजिनाखालचीं रबरें, यांत चांगला ‘लोकल’ माल खुशाल घ्यावा. मात्र ठराविक मुदतीनें बदलावा. आमच्या गाडीचा पाण्याचा पंप व रबरी नळ्या मिस्त्रींनीं त्याच वेळीं कोल्हापूरहून बिलावर आणलेल्या, तिसऱ्या जातीच्या होत्या. कशेडीच्या प्रसंगीं त्यांस कांहीं झालें नाहीं, आणि पुढेंहि चार वर्षें त्यांनीं तक्रार केली नाहीं. थर्मोस्टॅटविषयीं मात्र एक चुकीची समजूत आहे. कोंकणांत उकाडा फार, म्हणून कित्येकजण तो काढूनच टाकतात. तो साधारण ८० अंशांच्या सुमारास उघडून इंजिन योग्य उष्णतेवर ठेवतो. तो नसला कीं इंजिन नेहमीं थंड चालतें, डिझेल पुरतें जळत नाहीं, आणि झीज वाढते. म्हणजे तेथें अस्सल कीं लोकल हा वाद घालण्याआधीं तो आहे ना, हें पाहावें.

भाग कितीहि चांगला असला तरी तें अर्धेंच काम होय. उरलेलें अर्धें मापांत आहे. जुन्या इंजिनाचें मूळचें माप राहिलेलें नसतें. क्रँक एकदां पाव मिलिमीटर घांसला कीं पाव मिलिमीटरचेंच बेअरिंग पाहिजे. पुढल्या वेळीं अर्ध्याचें, मग पाऊणाचें. शेवटीं अशी वेळ येते कीं घांसावयास जागा उरत नाहीं. इंजिनाची घडणहि निराळी असते. जुन्या टाटा ट्रकमधील ९७ मिलिमीटर बोअरच्या सहा सिलिंडरी इंजिनांत लायनर बदलतां येतो. टाटा व कमिन्स यांच्या १९९३ सालच्या भागीदारींतून जमशेदपुरास होऊं लागलेल्या १०२ मिलिमीटर बोअरच्या इंजिनांत मुळांत लायनरच नसतो. तेथें ब्लॉकच बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवावा लागतो. न मोजतां आणलेला अस्सल पिस्टन मोजून आणलेल्या लोकल पिस्टनापेक्षां अधिक नुकसान करूं शकतो. म्हणून आधीं मोजावें, मग यादी करावी, आणि नंतर दुकानाची पायरी चढावी. आमचा क्रम उलट झाला होता.

जुन्या गाडीच्या मालकानें आणखी एक हिशेब करावा: ही गाडी आपण अजून किती वर्षें ठेवणार? आठ वर्षांपुढील मालवाहू गाडीस दरवर्षीं पासिंग करून घ्यावें लागतें; पुढें जसजसें वय वाढतें तसा तो खर्चहि वाढतो. दोन वर्षांत काढून टाकावयाच्या गाडीस दहा वर्षें टिकणारा प्रत्येक भाग घालणें ही उधळपट्टी होय. पण त्या दोन वर्षांत ती घाटांत थांबणार नाहीं, इतकें केलेंच पाहिजे. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा गाड्यांचा मार्ग आणखी निराळा. त्यांत डिझेल दीड-दोन हजार बार दाबानें उडतें आणि यंत्राचें नियंत्रण इलेक्ट्रॉनिक असतें. जुन्या पंपाच्या इंजिनांत नोझल दोनशें-अडीचशें बारला उघडे. जेथें दाब एवढा वाढला तेथें चुकीला क्षमा तेवढीच कमी झाली. म्हणून अशा गाडीच्या इंधनाच्या भागांत पहिल्या दोन जातींबाहेर जाऊं नये.

शेवटीं घरांतील स्त्रियांस एक विनंति. नव्या भागाची रिकामी पेटी चांगली दिसते म्हणून खिळे-सुतळी ठेवावयास जपून ठेवूं नये, व रद्दीवाल्यासहि सबंध देऊं नये. रिकाम्या अस्सल पेट्या विकत घेऊन त्यांत नकली माल भरणारे लोक आहेत. पेटी फाडूनच टाकावी. आमच्या वहिनींनीं हें काम आपल्याकडे घेतलें आहे. शिवाय एक वही घातली आहे. तींत तारीख, किलोमीटर, भागाचा क्रमांक, करणाऱ्याचें नांव, दुकान व बिलाचा क्रमांक पुतण्या लिहितो, आणि मी महिन्याच्या अखेरीस ती तपासतों. आतां शुद्धलेखनाकडे पाहत नाहीं. बिल चिकटविलें आहे कीं नाहीं, तेवढेंच पाहतों.

२०१९ च्या उन्हाळ्यांत मिस्त्रींनीं तेंच इंजिन पुन्हां बांधलें. क्रँक आणखी घांसून अर्ध्या मापावर आला. बेअरिंगें पुतण्यानें आधीं सांगितलेल्या कारखान्याचीं, कोल्हापूरहून, पक्क्या बिलावर आणलीं. त्यानंतरचे सारे आंब्याचे हंगाम त्या गाडीनें काढले. कशेडीस आतां बोगदा झाला आहे, तरी मुलगा रात्रींच्या फेरीस निघाला कीं मी जागाच असतों.

यंदां वहिनींनीं आपल्या पेट्यांवर छापील ‘रत्नागिरी हापूस’ या अक्षरांखालीं आमच्या बागेचें नांव व घरचा दूरध्वनि-क्रमांक स्वतः लिहिला. मीं विचारलें, “हें कशाला?” त्या म्हणाल्या, “आंबा नासका निघाला तर विचारावयास कोणी नको का?” अस्सल कोणतें आणि नक्कल कोणती, यावर मीं येथवर इतका मजकूर लिहिला, त्यांनीं तो एका प्रश्नांत सांगितला. वस्तु घेतांना तिच्यासाठीं जाब देणारा मनुष्य कोण, हें आधीं पाहावें. आणि घरांत शब्द टाकतांना, त्या शब्दासाठीं जाब आपण देणार आहों कीं आपल्यापुढें गप्प बसणारा एखादा मुलगा, हेंहि वडील माणसांनीं पाहावें.